जामीनदार आणि बुडालेली कंपनी



‘जामीन राहणें’ हा शब्दप्रयोग आपल्या कुटुंबांत इतका रुळलेला आहे कीं, त्यांतील जोखमीचा विचार बहुधा सही झाल्यानंतरच सुचतो. भाचा येतो, शेजारी येतो, मुलीच्या सासरचा एखादा आप्त येतो; त्यास बँकेकडून कर्ज हवें असतें; आणि नाहीं म्हणण्याचा संकोच वाटून घरांतील वडीलधारा मनुष्य कागदावर सही करतो. आपण केवळ चांगुलपणाची साक्ष दिली, असें त्यास वाटतें. कायद्याच्या दृष्टीनें मात्र त्यानें स्वतःच्या मिळकतीवर दुसऱ्याच्या व्यवहाराचा बोजा घेतलेला असतो. कर्ज घेणारी कंपनी बुडाली म्हणजे या जामीनदाराचें काय होतें, आणि बँकेच्या वसुलीपासून कायदा त्यास कितपत वांचवितो, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

विषय सोपा जावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊं. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर खापर हें गांव आहे. समजा, तेथील दोघां भावांनीं मिरची व कापूस यांच्या व्यापारासाठीं एक खाजगी मर्यादित कंपनी काढली. बँकेनें पन्नास लक्ष रुपयांपर्यंत उचल मंजूर केली. परंतु दोघां संचालकांच्या सह्यांखेरीज आणखी एक जामीन मागितला. तेव्हां दोघे भाऊ आपल्या सेवानिवृत्त शिक्षक असलेल्या मामांकडे गेले. ‘मामा, नुसती सही हवी, पैसे तर कंपनीच फेडणार आहे,’ असें ते म्हणाले. मामांनीं सही केली. तीन वर्षांनीं बाजार बसला, कंपनी थकली, आणि बँकेची नोटीस मामांच्या दारीं आली.

मामांच्या मनांत प्रथम जो प्रश्न येईल, तोच आपणां सर्वांच्या मनांत येईल: कर्ज कंपनीनें घेतलें, माल कंपनीचा, गोदाम कंपनीचें, मग बँकेनें आधीं कंपनीकडे जावें, आणि तेथें कांहीं उरलें नाहीं तरच माझ्याकडे यावें, हा न्याय नव्हे काय?

लोकन्याय म्हणून ही अपेक्षा अगदीं स्वाभाविक आहे. परंतु १८७२ चा करारविषयक कायदा, जो आजही चालू आहे, त्याचें १२८ वें कलम असें सांगतें कीं, करारांत निराळें ठरलेलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच विस्तृत असते. ती दुय्यम आहे, किंवा नंतर उद्भवणारी आहे, असें त्यांत म्हटलेलें नाहीं. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या, १९६९ च्या निवाडा-संग्रहांत आलेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ पक्का केला. धनकोनें आधीं मूळ ऋणकोच्या पाठीमागें धांवावें आणि थकल्यावर जामिनाकडे वळावें, अशी अट घातली तर जामीन घेण्याचा हेतूच नष्ट होईल, असें त्या न्यायालयाचें म्हणणें पडलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मर्यादित कंपनी ही कायद्यानें निर्माण केलेली स्वतंत्र व्यक्ति होय. भागीदारांनीं भागांचे पैसे भरले कीं कंपनीच्या कर्जाशीं त्यांच्या घरादाराचा संबंध राहत नाहीं. याच भिंतीच्या आधारावर आधुनिक व्यापार वाढला. वैयक्तिक जामीनपत्र त्या भिंतीस पाडलेलें दार आहे. बँक तें दार मुद्दाम ठेवून घेते. आणि मामांनीं सहीच्या एका फटकाऱ्यानें तें उघडून दिलें.

हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत: ऋणकोस हजर करण्याचा, त्याच्या विश्वासार्हतेबद्दलचा, आणि त्यानें न दिल्यास स्वतः पैसे देण्याचा. पहिल्या दोन प्रकारांत जामीन राहिलेला बाप वारला तर त्याच्या मुलांवर ती जबाबदारी येत नसे; तिसऱ्या प्रकारांत मात्र येत असे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं शब्दाचा जामीन आणि पैशाचा जामीन यांत भेद केला होता. आजच्या बँकेच्या छापील कागदावर पहिल्या दोन प्रकारांना जागाच नाहीं, आणि आपण सही मात्र दुसऱ्या प्रकारची समजून करतों. बहुतेक दुःखाचें मूळ येथें आहे.

आतां दुसरा प्रश्न. कंपनीचें दिवाळें वाजलें, कायद्यानें तिचें कर्ज कमी केलें वा माफ केलें, तर जामीनदार सुटतो काय? करारकायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणें धनकोनें मूळ ऋणकोस मोकळें केलें तर जामीनदारही मोकळा होतो. परंतु ती मोकळीक धनकोच्या स्वतःच्या करारानें वा कृत्यानें मिळालेली असली पाहिजे; कायद्याच्या अंमलानें आपोआप मिळालेली सूट जामीनदारास लागू पडत नाहीं. हा दंडक पक्का झाला त्या प्रकरणाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळास कोचीन मॅलिएबल्स या कंपनीसाठीं कॅनरा बँकेनें पन्नास हजार रुपयांपर्यंतची हमी दिली होती. कंपनी दिवाळ्यांत निघाली. मंडळानें बँकेकडे पैसे मागितले, तेव्हां वाद उभा राहिला. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबई हायकोर्टाच्या १९४० सालच्या एका निवाड्याचा आधार घेऊन ठरविलें कीं, कंपनीच्या अवसायनानें जामिनाची जबाबदारी संपत नाहीं. हमी दिलेली आहे, ती पुरी केली पाहिजे. म्हणजे, आज बँका ज्या तत्त्वाचें शस्त्र सामान्य जामीनदारावर धरतात, तें त्या खटल्यांत प्रथम एका बँकेवरच चाललें होतें.

मध्यंतरीं कांहीं काळ जामीनदारांस एक छत्र लाभलें होतें. १९८५ सालीं आजारी औद्योगिक कंपन्यांविषयींचा कायदा झाला. त्याच्या २२ व्या कलमांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन, आजारी कंपनीस दिलेल्या कर्जाच्या जामिनावरील दावाही औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाच्या संमतीवांचून चालूं नये, असें ठरलें. पाथेजा ब्रदर्स फोर्जिंग्ज विरुद्ध आयसीआयसीआय या २००० सालच्या निवाड्यांत सर्वोच्च न्यायालयानें हें संरक्षण स्पष्ट शब्दांत मान्य केलें. परंतु २००३ सालीं कैलासनाथ अगरवाल यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें ‘दावा’ या शब्दाचा अर्थ मर्यादित ठेविला. वसुलीची इतर कारवाई त्या छत्राबाहेर राहिली. शिवाय या कायद्याचा आश्रय घेऊन अनेक कंपन्या वर्षानुवर्षें ‘आजारी’ राहिल्या, आणि बँकांचा पैसा अडकून पडला. अखेरीस १ डिसेंबर २०१६ पासून तो कायदा रद्द झाला.

त्याच्या जागीं नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ आली. या संहितेच्या १४ व्या कलमानें कंपनीविरुद्धच्या कारवायांस स्थगिती मिळते. ती जामीनदारासही मिळावी, असा वाद अनेक न्यायाधिकरणांपुढें झाला. २०१८ सालच्या दुरुस्तीनें तो प्रश्न मिटला: स्थगिती कंपनीस आहे, तिच्या जामीनदारास नाहीं. स्टेट बँक विरुद्ध रामकृष्णन या १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यानें ही दुरुस्ती पूर्वीच्या प्रकरणांसही लागू आहे, असें सांगितलें. पुढें १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांची नादारीही त्याच संहितेखालीं आणि त्याच राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढें चालावी, असा हुकूम निघाला. त्यास आव्हान देण्यांत आलें. परंतु २१ मे २०२१ रोजीं ललितकुमार जैन यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला, आणि कंपनीच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली तरी तेवढ्यानें जामीनदार मुक्त होत नाहीं, असेंही सांगितलें.

याचा व्यवहारांतील परिणाम आपल्या उदाहरणावरून पाहा. नव्या मालकानें कंपनी घेतली आणि बँकेस पन्नास लक्षांपैकीं वीस लक्ष मिळाले, तर कंपनी स्वच्छ होऊन नव्या हातीं गेली. उरलेल्या तीस लक्षांसाठीं बँक मामांकडे येऊं शकते. आणि मामांनीं तें भरलें तरी नव्या मालकाकडून तें परत मागण्याचा मार्ग योजनेनेंच बंद केलेला असूं शकतो. एस्सार स्टीलच्या २०१९ च्या निवाड्यांत अशी तरतूद न्यायालयानें मान्य केली आहे.

एवढें ऐकून कोणास वाटेल कीं जामीनदारास संरक्षण उरलेलेंच नाहीं. तसें नाहीं. संरक्षण आहे, तें कंपनीच्या दिवाळ्यांत शोधूं नये, अन्यत्र शोधावें, एवढेंच. तें चार ठिकाणीं सांपडतें.

पहिलें ठिकाण खुद्द करारकायदा. जामीनदाराच्या संमतीवांचून बँकेनें व कंपनीनें मूळ करारांत फेरफार केला, तर १३३ व्या कलमाप्रमाणें त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. त्याच्या संमतीशिवाय बँकेनें कंपनीशीं तडजोड केली, मुदत वाढविण्याचें वा दावा न करण्याचें वचन दिलें, तर १३५ वें कलम त्याच्या साह्यास येतें. आणि कंपनीनें तारण ठेवलेला माल बँकेनें हलगर्जीपणानें गमावला, तर त्या मालाच्या किंमतीपुरती जामिनाची जबाबदारी १४१ व्या कलमानें कमी होते. अमृतलाल गोवर्धन लालन विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या १९६८ च्या निवाड्यांत गोदामांतील तारणमालाची तूट निघाली, तेव्हां जामीनदारास तेवढी सूट मिळाली. म्हणून मामांनीं पहिली चौकशी ही करावी कीं, मिरचीच्या पोत्यांचें व कापसाच्या गांठींचें काय झालें, बँकेनें त्यांची मोजदाद केली होती काय, आणि उचलीची मर्यादा त्यांच्या नकळत वाढविली होती काय. मात्र येथें एक खांच आहे. बँकांच्या छापील जामीनपत्रांत बहुधा हे सारे हक्क आगाऊच सोडून दिल्याचीं वाक्यें असतात, आणि असे हक्क करारानें सोडतां येतात, असा न्यायालयांचा कल आहे. यास्तव सही केलेल्या कागदाची प्रत हातीं असणें, हा बचावाचा पाया होय.

याच कायद्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणें सहजामीनदारांनीं, निराळें ठरलें नसेल तर, समान वांटा उचलावयाचा असतो. जास्त भरणारास इतरांकडून तें वसूल करतां येतें. १४० व्या व १४५ व्या कलमांनीं पैसे भरणाऱ्या जामिनास धनकोचे हक्क आणि मूळ ऋणकोकडून भरपाई मिळण्याचा अधिकार प्राप्त होतो. अर्थात् ऋणकोपाशीं देण्यास कांहीं उरलें असेल तर.

दुसरें ठिकाण वसुलीच्या रीतीचें. २००२ च्या तारणवसुली कायद्याखालीं बँकेनें मामांच्या गहाण घरावर ताबा घेण्यापूर्वीं साठ दिवसांची नोटीस देणें आवश्यक आहे. नोटिशीस लेखी हरकत घेतली, तर बँकेनें पंधरा दिवसांत सकारण उत्तर दिलें पाहिजे. ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणापुढें पंचेचाळीस दिवसांच्या आंत अर्ज करतां येतो. अनेक लोक घाबरून नोटीस उघडीत नाहींत, किंवा थेट हायकोर्ट गांठतात. २०१० च्या सत्यवती टंडन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असा आडमार्ग मान्य करूं नये, असें हायकोर्टांस बजाविलें आहे. मुदत पाळणाऱ्याचें गाऱ्हाणें ऐकलें जातें. मुदत चुकविणाऱ्याचें खरें गाऱ्हाणेंही अनेकदां वायां जातें.

तिसरें ठिकाण मिळकतीचें. आणि खापरसारख्या गांवास याचें महत्त्व सर्वांत अधिक. तारणवसुली कायद्याच्या ३१ व्या कलमानें शेतजमीन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविली आहे. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. तेथें आदिवासी खातेदारांची वस्ती मोठी, आणि त्यांच्या सह्याही जामीनपत्रांवर येऊं शकतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत १९७४ सालीं घातलेल्या ३६ अ या कलमाप्रमाणें आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीनें, दानानें, गहाणानें वा पट्ट्यानें सरकारी पूर्वमंजुरीवांचून जाऊं शकत नाहीं. आणि यांत कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वा न्यायाधिकरणाच्या हुकुमाच्या बजावणींतील लिलावही येतो, असें त्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे. हें संरक्षण बँकेच्या छापील कागदानें सोडून देतां येणारें नव्हे. तें खातेदाराच्या पिढ्यांसाठीं आहे.

बिगर-आदिवासी जामीनदारासही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाचा आधार आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, स्त्रीस धर्माचारानें दूर करतां येत नाहींत असे दागिने, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं अवजारें, बैल व बियाणें, तसेंच शेतकऱ्याचें राहतें घर, यांवर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं जप्ती येत नाहीं. सरकारी निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधिही सुरक्षित आहेत. आपल्या उदाहरणांतील मामांस महिन्याची पेन्शन जाईल ही भीति नको. परंतु घर त्यांनीं स्वतः गहाण लिहून दिलें असेल तर ही सूट त्या घरास लागू नाहीं. नुसता जामीन आणि गहाणासह जामीन यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, तें या ठिकाणीं.

चौथें ठिकाण स्वतःची नादारी. या शब्दास आपल्याकडे उगाच लाज चिकटली आहे. २०१६ च्या संहितेप्रमाणें फेड करणें अशक्य झालेला जामीनदार स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करूं शकतो. बँकही त्याच्याविरुद्ध करूं शकते. निःपक्षपाती व्यावसायिकाच्या देखरेखीखालीं हप्त्यांनीं फेडीची योजना मांडली जाते, आणि मतदानांत किंमतीच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक धनकोंनीं ती मान्य केली व न्यायाधिकरणानें मंजुरी दिली तर तीप्रमाणें फेड होते. ती साधली नाहीं तर दिवाळखोरीचा हुकूम होऊन, सामान्यतः एका वर्षानें मुक्तता मिळूं शकते. २०१९ च्या नियमांनीं या प्रक्रियेंत बोजा नसलेलें एक राहतें घर, शहरांत वीस लक्ष व खेड्यांत दहा लक्ष रुपये किंमतीपर्यंत, आणि धर्माचाराचे एक लक्षापर्यंतचे दागिने वगळले आहेत. मूळ संहितेंत अर्ज दाखल होतांच इतर वसुलीस तात्पुरती स्थगिती मिळण्याची सोय होती. तिचा गैरवापर होतो अशा तक्रारीवरून, कंपनीच्या जामीनदारांपुरती ती काढून घेण्याचा प्रस्ताव १२ ऑगस्ट २०२५ रोजीं लोकसभेंत मांडलेल्या दुरुस्ती-विधेयकांत आला. म्हणून या मार्गानें जाणाऱ्यानें त्या दिवशीं लागू असलेला कायदा जाणत्या वकिलाकडून पाहून घ्यावा.

तुरुंगाची धास्ती मात्र बाळगूं नये. १९८० सालीं जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, केवळ दारिद्र्यामुळें कर्ज न फेडणाऱ्यास दिवाणी कैदेंत टाकतां येत नाहीं; ऐपत असून बुडविण्याची दुष्ट बुद्धि सिद्ध झाली पाहिजे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं स्त्रीस अटक करूं नये, असें तर संहितेंतच लिहिलें आहे.

आतां दुसरी बाजूही न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. बँकेचा पैसा बँकेचा नसतो; तो ठेवीदारांचा असतो, आणि त्यांतही निवृत्त शिक्षक व विधवा असतात. संचालकानें कंपनीचा नफा घरीं न्यावा आणि तोटा ठेवीदारांवर लोटावा, हें कोणत्याही कायद्यास मान्य होणार नाहीं. परंतु ज्याच्या हातीं कंपनीचा कारभार आहे असा संचालक-जामीनदार, आणि ज्यानें केवळ नात्याखातर सही केली असा मामांसारखा मनुष्य, या दोघांस कायदा आज एकाच तराजूंत तोलतो. कारभार ज्याच्या हातीं नाहीं, नफ्याचा पैसा ज्यास मिळाला नाहीं, अशा जामीनदाराची जबाबदारी ठराविक रकमेपुरतीच असावी आणि कर्ज थकूं लागतांच त्यास लेखी सूचना मिळावी, एवढी अपेक्षा बाळगणें वावगें होणार नाहीं.

तोंवर आपलें रक्षण आपल्या हातीं आहे. सही करण्यापूर्वीं कागद संपूर्ण वाचावा, वा समजावून घ्यावा. ‘सर्व रकमा’ असें लिहिलें असेल तेथें आंकडा घालून मागावा. आपल्या सहीची प्रत घ्यावी. घर गहाण टाकण्याचा कागद जामीनपत्राच्या चवडींत मिसळलेला नाहीं, हें पाहावें. चालू जामीन पुढील व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागें घेतां येतो, असें १३० वें कलम म्हणतें. जामीनपत्रांत तो हक्क सोडलेला नसेल तर वेळींच त्याचा उपयोग करावा. संचालकपदाचा राजीनामा दिला म्हणजे जामीनही सुटला, असें समजूं नये. जामीन सुटल्याचें बँकेचें लेखी पत्र घ्यावें. आणि पतीच्या वा पुत्राच्या कंपनीसाठीं घरांतील स्त्रीची सही मागितली जाते तेव्हां, ‘येथें फक्त सही करा’ असें न सांगतां तिला ती कशाची आहे हें सांगावें. कारण कायदा तिला पूर्ण जबाबदार धरतो.

आपल्या समाजांत एकमेकांसाठीं उभें राहण्याची रीत आहे, आणि ती टिकावी. गरजू आप्तास मदत करावयाची असेल, तर आपल्या ऐपतीप्रमाणें एक रक्कम ठरवून ती उघडपणें द्यावी, अगर तेवढ्याच रकमेपुरता जामीन राहावें. मर्यादा ठरवून केलेला उपकार दोन्ही घरांचें नातें राखतो.